दोन स्टोव्ह, सात खाटा

तुम्ही चूल बघायला येतो म्हणालात आणि खाटा मोजून गेलात. असंच सांगून आला असतात, की आम्हाला तुमची माणसं मोजायची आहेत, तर निदान दारातच बोलणं झालं असतं. तुम्ही बूट काढून आत आलात, चहा प्यालात, स्टोव्हला पास केलंत, आणि मग पेन्सिलीनं माणसं खोडलीत. टाऊनशिपच्या त्या बुटक्या विटकरी कचेरीत बसून तुम्ही आता म्हणाल, आम्ही नियम पाळला. पाळलात. विंचूही त्याचा नियमच पाळतो. तुमचं पत्र तीन ओळींचं होतं. त्या तीन ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहिलं आहे. वाचा, शेवटी एक प्रश्न आहे.

घर धर्मराज रामटेकेचं. नोव्हाय शहरापासून वीस मैल पश्चिमेला, गॅसची लाइन संपते आणि मक्याची शेतं सुरू होतात तिथलं शंभर वर्षांचं लाकडी घर. धर्मराज बावन्न वर्षांचा, मूळ भंडाऱ्याचा, गाड्यांचे सस्पेन्शन तपासणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. बायको रत्ना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. लेक शिकायला कॅलिफोर्नियात गेली तेव्हा बाकीच्यांनी घर लहान केलं असतं. या दोघांनी मोठं घेतलं. सहा बेडरूम, वर तीन, खाली तीन, आणि मध्ये एवढा हॉल की एका कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती ठेवूनही चाळीस माणसं मांडी घालून बसतील. ऑफिसातले हसले, क्रिकेटची टीम ठेवणार का म्हणाले. धर्मराज म्हणाला, ठेवीन.

ठेवलीच त्यानं. आपली पोरं इकडे शिकायला येतात आणि खोली शोधतात. खोलीचा मालक आपल्याच देशातला असतो. फोनवर गोड बोलतो. आधी गाव विचारतो, मग आडनाव. आडनावावरून अंदाज आला नाही तर व्हेज की नॉनव्हेज विचारतो. त्यानंही कळलं नाही तर घरी देव कुठला ते विचारतो. तिथवर पोचेपर्यंत खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असते. सात समुद्र ओलांडून आलेलं पोरगं फोन खाली ठेवतं आणि भिंतीकडे बघत बसतं. धर्मराजनं अशी भिंत पाहिली होती. म्हणून या घरात एकच कायदा होता: आडनाव विचारायचं नाही. भाडं नाही. स्वयंपाकाची पाळी आणि बर्फ काढायची पाळी चुकवायची नाही. आणि पाय रोवले, नोकरी लागली की निघायचं, खाट पुढच्याला सोडायची. आठ वर्षांत एकतीस पोरं त्या खाटांवर झोपून गेली; हे लिहिणारा त्यांतलाच एक.

या हिवाळ्याच्या तोंडावर पाच जण होते. उपासना, नागपूरची, मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करणारी, जिभेला धार. प्रफुल्ल, डिग्री झालेला, नोकरीच्या शोधात. यश, ऑगस्टमध्ये आलेला, अजून जेट लॅग असल्यासारखा. आणि नर्सिंग करणाऱ्या दोघी जणी, ज्या ड्यूटीवर तरी असायच्या नाहीतर झोपलेल्या तरी.

ऑक्टोबरच्या शेवटी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, गेली. तपासायला आलेल्या माणसानं टॉर्च आत घातला, शीळ घातली आणि मशीनला लाल चिठ्ठी बांधली. आतला पत्रा तडकलाय, विषारी वायू घरात येईल, चालू करायची नाही. नवी फर्नेस बसेल, पण भिंतीतले गरम हवेचे पाइप उंदरांनी खाल्लेत, तेही सगळे उपसावे लागतील, म्हणजे भिंती फोडाव्या लागतील, म्हणजे मार्च उजाडेल.

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर हॉलमध्ये बैठक बसली. सगळे ब्लँकेट पांघरून.

"सात हीटर घेऊ ना यार काका," प्रफुल्ल म्हणाला. "प्लग लावला की झालं."

"या घराच्या वायरिंगवर सात हीटर?" उपासना म्हणाली. "एकच रात्र मस्त गरम होईल. फायर ब्रिगेड पण येईल शेकायला."

"तूच सांग मग, थर्मोडायनॅमिक्स मॅडम."

तिनं सांगितलं. पेलेट स्टोव्ह. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, त्यांचं पोतं स्टोव्हच्या डोक्यावरच्या डब्यात ओतायचं, आतला स्क्रू फिरत फिरत थोड्या थोड्या कांड्या विस्तवात टाकतो, पंखा गरम हवा बाहेर फेकतो, धूर भिंतीतल्या पाइपानं बाहेर. भिंती फोडायला नकोत. दोन आठवड्यांत होईल.

नमुन्याची मूठभर कांड्यांची पिशवी तिनं आणली होती. रत्नानं एक कांडी नखानं फोडली. "हे तर आपल्याकडे ढोरांना घालतात त्या खाद्यासारखं दिसते बाई."

"मावशी, याला आपण खायला घालायचं आणि यानं आपल्याला जगवायचं. ढोरच आहे ते."

पुढचे चार दिवस उपासना टेप घेऊन घरभर फिरली. कुठली खिडकी किती, कुठल्या फटीतून वारं येतं, उत्तरेची भिंत किती लांब. मेणबत्ती पेटवून ती खिडक्यांच्या कडेनं चालायची आणि ज्योत हलली की यश वहीत खूण करायचा. स्टोव्ह निवडायला धर्मराज तिलाच घेऊन गेला. दुकानात एक म्हातारा, पॅन्टला खांद्यावरून पट्टे लावलेला. धर्मराज सरळ सगळ्यात मोठ्या स्टोव्हपुढे उभा राहिला. काळा, चकचकीत, वर लिहिलेलं: तीन हजार चौरस फूट. घर साडेतीन हजारांचं. थोडं कमी पडेल, चालवून घेऊ.

"हा आकडा कुठल्या घराचा?" उपासनानं विचारलं.

म्हातारा खूश झाला. "पहिल्यांदाच कुणी विचारलं. भिंती नसलेल्या घराचा, बेटा. एक मोठी खोली, छत खाली, बाहेर फार थंडी नाही. तुमच्या घरात भिंती आहेत का?"

"आहेत."

"मग हा हॉलमध्ये ठेवाल तर हॉलमध्ये बनियनवर बसाल आणि मागच्या खोलीत पाणी गोठेल." मग त्यानं धर्मराजला एक गोष्ट सांगितली, जी धर्मराजनं घरी येऊन सगळ्यांना सांगितली. स्टोव्ह घर गरम करत नाही, खोली गरम करतो. घर गरम करायचं ते उघड्या दारांनी.

एक मोठा की दोन मधले, यावर दुकानातच काका-पुतणीचं वाजलं. एक मोठा म्हणजे एकच राख, एकच साफसफाई, असं धर्मराजचं म्हणणं. एक मोठा बंद पडला तर सात माणसं गारठतील, दोनातला एक पडला तर निदान सगळे एका खोलीत झोपू, असं तिचं. आणि वीज गेली की दोन्ही पडतात, कारण स्क्रू आणि पंखा विजेवर चालतो, म्हणून बॅटरी हवीच. म्हातारा हाताची घडी घालून ऐकत होता. शेवटी धर्मराज म्हणाला, "इंजिनीअर कोण आहे इथे?"

"दोघंही. पण मी ताजी आहे."

दोन मधले घेतले. एक हॉलमध्ये जिन्यापाशी, ऊब वर चढावी म्हणून. एक मागे, उत्तरेच्या खोल्यांच्या तोंडाशी. निवड तिची होती आणि बरोबर होती, हे आधीच लिहून ठेवतो. पुढे जे झालं त्यात स्टोव्हचा दोष नाही.

दोष परमिटचा. भिंतीतून धुराचा पाइप काढायचा म्हणजे टाऊनशिपचं परमिट लागतं. तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता, तेव्हा गुरुदत्त काका आले. गुरुदत्त काका पंचाहत्तरीचे, पुण्याचे, त्र्याहत्तर साली इकडे आलेले, धर्मराजचे नोव्हायमधले पहिले साहेब. माणूस प्रेमळ. रत्नाच्या हातचे पोहे खायला महिन्यातून एकदा तरी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून यायचे.

"परमिट कशाला काढतोस?" फॉर्म बघून ते म्हणाले. "बसवायचा आणि गप्प बसायचं. मी बेसमेंटमध्ये अख्खं बाथरूम बांधलं, कुणाच्या बापाला कळलं नाही."

"आग लागली तर काका?"

"लागली तर विझवायची."

"आणि इन्शुरन्सवाला?"

"हां, ते आहे." काकांनी चष्मा लावला, फॉर्म ओढला. धुराचे अलार्म किती हवेत ते ठरवायला बेडरूम किती, माणसं किती, आणि प्रत्येकाचं मालकाशी नातं काय, असा एक रकाना होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथे मात्र भाचे-पुतणे लिही. पाचही. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलंय. गोऱ्याला काय कळतंय, भाचा कोण नि पुतण्या कोण."

"ते माझे भाचे नाहीत."

"मला काका म्हणतोस. मी तुझा काका आहे?"

"तसं कुठे लिहून देत नाही मी."

"हट्टी आहेस," काका म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. "फार हट्टी. लोक अशानं बुडतात."

या हट्टाला दोन मुळं होती आणि दुसरं मूळ तेव्हा रत्नाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिलं, बाप. धर्मराजचा बाप भंडाऱ्याच्या कोर्टात शिपाई होता. चाळीस वर्षं फायली उचलल्या, त्यातली एकही त्याला नीट वाचता येत नव्हती, पण कागदाची ताकद त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. पोरांना सांगायचा, ज्याच्यापाशी जमीन नाही, ओळख नाही, त्याच्यापाशी कागद असतो. लेखी द्या, खरं द्या, पोच घ्या. आपल्याला माणसात आणलं ते कायद्यानं, तोच आपला मामा नि तोच आपला काका.

दुसरं, जर्सी सिटी. तीस वर्षांपूर्वी धर्मराज तिथे उतरला तेव्हा चार मालकांनी आडनाव ऐकून फोन ठेवला. पाचव्या बाईंना तो म्हणाला, पाटील. खोली मिळाली. स्टेशनपासून सात मिनिटं, खिडकीतून नदी. अकरा महिने तो पाटील म्हणून राहिला. बाबासाहेबांचा फोटो सुटकेसच्या तळाशी, स्वेटरखाली. चौदा एप्रिलला त्यानं दाराला कडी घातली, फोटो काढला, मेणबत्ती लावली. बाईंनी वासावरून दार वाजवलं. काय रे, कुणाचा वाढदिवस? तो म्हणाला, बापाचा. त्या हसून म्हणाल्या, वडिलांना आमच्याकडूनही शुभेच्छा सांग.

त्या दिवसापासून खोट्या नात्याची त्याला शिसारी होती. आडनाव खोटं सांगून त्यानं एकदा छप्पर मिळवलं होतं. आता नातं खोटं सांगून तेच करायचं, आणि तेही या घरात, जे त्या अकरा महिन्यांवर थुंकण्यासाठीच घेतलं होतं?

त्यानं रकाना भरला. पाच नावं, पाच वेळा: नातं नाही. टाऊनशिपच्या खिडकीत फॉर्म दिला, शिक्का मारून पोच घेतली. तुमच्याच शिक्क्याची पोच. अजून आहे.

स्टोव्ह नोव्हेंबरच्या शेवटी लागले. तोवर सगळे हॉलमध्ये एका रांगेत झोपत होते आणि यशच्या घोरण्यावर रोज सकाळी पंचायत बसत होती. पहिल्यांदा ज्योत पकडली तेव्हा प्रफुल्लनं स्टोव्हला सॅल्यूट ठोकला. संध्याकाळपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर ऊब पोचली. उपासनानं थर्मामीटर घेऊन खोल्या तपासल्या, खाली आली आणि धर्मराज काकांच्या पाठीत एक धपाटा घातला. दिवसा सगळी दारं सताड, झोपताना हातभर फट, मुलींच्या दारांना जाड पडदे. आठ वर्षांत घर इतकं एका जिवाचं कधी झालं नव्हतं. दारं लावता येत नव्हती ना.

मग तुमचा माणूस आला. उंच, सभ्य, दारातले बूट-चपला बघून त्यानंही बूट काढले. भिंतीपासूनचं अंतर टेपनं मोजलं, पाइपाचा सांधा बघितला, खालची फरशी बघितली, हिरवं स्टिकर लावलं. रत्नानं चहा दिला. छान काम आहे म्हणाला. मग अलार्म बघायला वर गेला आणि पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा बदललेला होता. मागच्या खोल्यांत गेला. ओठ हलत होते. मालकांचा दुहेरी पलंग दोन धरून सात.

यश जिन्यापाशी उभा होता. त्याच्याकडे बघून तो धर्मराजला म्हणाला, "हा तुम्हाला अंकल म्हणाला मघाशी."

"हो."

"सगळेच म्हणतात?"

"सगळेच."

त्यानं फॉर्मवर पेन्सिल टेकवली, लिहिलं नाही. वाट बघत राहिला. ही गोष्ट तुम्हाला मान्य करावी लागेल, की तुमच्या त्या माणसानं धर्मराजला दार उघडून दिलं होतं. तो जवळजवळ विनवत होता. "म्हणजे कुटुंबातलेच, असं समजू का मी?"

रत्ना ओट्याशी थांबली. एक हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत.

"रक्ताचं नातं विचारत असाल तर नाही," धर्मराज म्हणाला.

पेन्सिल चालली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. हे घर एका कुटुंबासाठी आहे. कुटुंब म्हणजे रक्तानं, लग्नानं किंवा दत्तकविधानानं जोडलेले. त्याव्यतिरिक्त फार तर दोघं. तक्रार असल्यास बोर्डापुढे यावे. रक्तानं! धर्मराजनं तो शब्द तीनदा वाचला. माणूस कुणाच्या पोटी जन्मला ते बघून त्यानं कुठे राहायचं ते ठरवणं, हे भंडाऱ्यात त्याच्या आजाला पाठ होतं. विहीर वेगळी, वस्ती वेगळी. ते चुकवायला तो इतक्या लांब आला, आणि इथे इंग्रजीत, सभ्य टायपात, खाली सही करून तेच.

नियमात एक फट होती, ती उपासनानं शोधली. एकाच घरासारखे, एका चुलीवर, कायमचे राहणारे लोक असतील तर बोर्ड त्यांना कुटुंब मानू शकतं. धर्मराज उजळला. एक चूल? इथे तर एकच चूल. त्यानं आठ वर्षांच्या स्वयंपाकाच्या पाळ्यांचे तक्ते काढले, बर्फाच्या पाळ्यांचे काढले, फाइल केली, प्रत्येक पानावर नंबर घातला. जानेवारीत तो आणि उपासना बोर्डापुढे गेले. पाच जण बसलेले, मध्ये एक पांढऱ्या केसांची बाई. तिनं फाइल खरोखर चाळली.

"हे सुंदर आहे," ती म्हणाली. आणि मग, "मिस्टर रामटेके, पाच वर्षांनी यातलं कोण या घरात असेल?"

उपासनानं टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"कुणीच नाही," धर्मराज म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, हे उपासनानं सांगितलेलं आठवून रत्नाला अजून रडू येतं. "तीच या घराची रीत आहे. पाय रोवले की निघायचं आणि जागा पुढच्याला द्यायची. आठ वर्षांत एकतीस जण उभे राहिले."

बाईनं डोळे मिटले. बाजूच्यानं लिहिलं: तात्पुरते. पाच विरुद्ध शून्य. तीस दिवसांत तिघांनी घर सोडायचं.

परतीच्या गाडीत उपासना म्हणाली, "सगळे इथेच राहणार, एवढं म्हणाला असता तर काय झालं असतं काका?"

"खोटं झालं असतं."

"बरं. तुमचं खोटं बोलणं वाचलं. आता मी बोलणार. उद्यापासून खोली शोधताना, रोज, प्रत्येक फोनवर. माझ्या वाटणीचं बोलेन, तुमच्या वाटणीचं पण बोलेन."

धर्मराजनं गाडी हळू केली. रस्त्यावर बर्फ होता, पण त्यासाठी नाही.

"तू नको बोलूस," तो म्हणाला.

"मग राहू कुठे? तुमच्या पोचपावतीवर?"

दोघांना राहता येत होतं. ते दोघं कोण, हे धर्मराजला ठरवावं लागू नये म्हणून पोरांनीच ठरवलं: नर्सिंगवाल्या दोघी राहतील, त्यांच्याकडे गाडी नाही, हॉस्पिटलला रत्नाच नेते, आणि त्यांच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या. स्टोव्ह निवडायला ज्यांनी चार दिवस घालवले होते त्यांनी माणसं निवडायला चार मिनिटं घेतली.

धर्मराजनं गुरुदत्त काकांना फोन केला. काकांचं घर चार बेडरूमचं, घरात ते आणि बायको सुनेत्रा, मुलगा वेद दूर राहतो, तीन खोल्या रिकाम्या. "उपासनाला मेपर्यंत ठेवता का काका? डिग्री होईपर्यंत."

"अरे अवश्य! हक्कानं सांगतोस ना. सुनेत्राशी बोलतो फक्त."

दोन दिवसांनी फोन आला. आवाज बारीक. "सुनेत्राचा गुडघा रे. आणि तरुण मुलगी म्हणजे जबाबदारी. आणि तिचं ते स्वयंपाकघराचं माहितीये तुला, म्हणजे तसलं काही नाही हं, आपल्यात तसलं काही नाहीच, पण वयानुसार माणूस जरा..."

"हो काका."

"राग नाही ना?"

"नाही काका."

फोन ठेवल्यावर रत्ना म्हणाली, "फॉर्मवर भाची लिहायला सांगत होते ना?"

"पोहे चांगले लागतात त्यांना तुझे," धर्मराज म्हणाला. काका त्यानंतर आले नाहीत.

प्रफुल्ल दक्षिणेतल्या फ्रिस्कोला गेला, मित्राच्या हॉलमध्ये झोपायला. "तिकडे थंडीनं नाही मरत काका, उन्हानं मरतात. व्हरायटी," म्हणाला आणि मिठी मारताना सोडेना. उपासनाला युनिव्हर्सिटीजवळ खोली मिळाली. काय सांगून मिळाली ते तिनं सांगितलं नाही, आणि या घरात तसलं विचारत नाहीत. जाताना ती दोन्ही स्टोव्हची राख काढून गेली, काच पुसून गेली. धर्मराजकडे न बघता म्हणाली, "मागच्याचा पंखा आवाज करतोय. तेल द्या." एवढंच.

यश शेवटचा. नोव्हायमध्ये एका कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये जागा झाली होती. सुटकेस दारात ठेवून तो उभा राहिला, काहीतरी कबूल करायचं असल्यासारखा.

"काका, मी आडनाव बदललं नाही हं. त्यांनी विचारलं तेव्हा मी फक्त... फर्स्ट नेम सांगितलं. आणि ते फोटो, भिंतीवर लावायचे... दे सेड, भिंतीला होल्स नकोत. सो, सुटकेसमध्येच ठेवलेत."

धर्मराजनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कुठल्या कपड्यांखाली ठेवलेत, ते विचारायची त्याला गरज नव्हती.

आता फेब्रुवारी सरतोय. बाहेर उणे अठरा. स्टोव्ह उत्तम चालतात. इतके उत्तम की वरची रत्नाची आणि त्याची खोली सोडली तर वर कुणी नाही आणि तरी वरच्या रिकाम्या खाटा ऊन लागल्यासारख्या कोमट असतात. रत्ना सकाळी ड्यूटीला जाताना त्या खोल्यांची दारं लावून जाते. धर्मराज मागून जाऊन उघडतो. परवा ती अर्ध्या जिन्यातून परत आली.

"कोणासाठी गरम करता?"

त्या दिवशी त्यानं पोतं ओतताना हात थांबवला, अर्धंच ओतलं आणि वर जाऊन स्वतःच्या हातानं दारं लावली. एक एक करून. स्टोव्हनं तासाभरात उरलेलं एवढंसं घर तापवलं आणि तो आपोआप विझला.

गेल्या सोमवारी त्याला एक ईमेल आलं. लातूरची मुलगी आहे. लिहिते: काका, मला ऑगस्टपासूनची ॲडमिशन मिळाली आहे. सीनियर्स म्हणाले तुमच्याकडे आडनाव विचारत नाहीत. मी स्वयंपाक करू शकते, बर्फ कधी पाहिला नाही पण काढायला शिकेन. एक खाट मिळेल का?

धर्मराजनं रिप्लाय उघडला आणि तसाच ठेवला. नऊ दिवस झाले. ज्या माणसानं आयुष्यात एकही कागद उत्तराशिवाय ठेवला नाही, तो रोज तो पडदा बघतो आणि बंद करतो. हो लिहिलं तर तुम्ही येऊन मोजाल. भाची म्हणून बोलावलं तर ती या घरात पहिल्या दिवशीच खोटी होऊन येईल. नाही लिहिलं, तर ती तिकडे फोन लावत बसेल, आणि कुणीतरी गोड आवाजात तिला गाव विचारेल.

म्हणून हा कागद तुमच्याकडे पाठवला आहे, रजिस्टर्ड, पोच मागून. तुम्ही कुटुंबाची व्याख्या लिहिलीत, तर मग हेही तुम्हीच लिहा. त्या पोरीला काय उत्तर द्यायचं? आम्हाला ते लेखी हवं आहे, तुमच्या सहीनिशी, आणि ऑगस्टच्या आधी. बोला.